मामांनी कच्छहून आणलेला दगड, आजीचा शाळिग्राम आणि अमोनाइटचा अभ्यास

प्रश्न थोडक्यात असा: "मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामा पवनचक्क्यांच्या कामासाठी भुजच्या बाजूला होते. तिथून त्यांनी वेटोळ्याचा एक दगड आणला, व्यास ९२ मिलिमीटर. आजीच्या देवघरात शाळिग्राम आहे, त्यातही तसंच चक्र दिसतं. दोन्ही अमोनाइट आहेत का? जात कोणती? असे दगड आपल्या जिल्ह्यात मिळतील का? आणि ज्युरासिक काळातल्या या प्राण्यांचा अभ्यास करायचा तर सुरुवात कुठून करू?" सोबत चार फोटो आहेत.

शेवटून दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या उत्तरानं तुमचे बरेच रविवार वाचतील. कोल्हापूर जिल्ह्यात अमोनाइट, म्हणजे वेटोळ्याच्या कवचात राहणाऱ्या आणि आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म, सापडणार नाही. पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार, गगनबावड्याचा घाट, हा सगळा दख्खनच्या लाव्हाचा मुलूख. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा जमिनीवर पसरला, समुद्राच्या तळाशी नाही. वरचा जांभा आणि राधानगरी-शाहूवाडीकडचं बॉक्साइट हे त्याच कातळाच्या कुजण्यातून तयार झालंय. जिल्ह्याच्या दक्षिणेला, गडहिंग्लज-चंदगडच्या बाजूला, कलादगीचे वालुकाश्म उघडे पडलेत. ते गाळाचे खडक आहेत खरे, पण इतके जुने, की तो गाळ साठत होता तेव्हा कवचवाले प्राणीच जन्मले नव्हते. विदर्भात लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ सापडतो, त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी मिळतात. अमोनाइट तिथंही नाही. नॉटिलस, माकूल, ऑक्टोपस, अमोनाइट आणि बेलेम्नाइट ज्यात मोडतात तो शीर्षपादांचा वर्ग पहिल्यापासून खाऱ्या पाण्यातलाच.

गंमत अशी, की आपल्या पायाखालचा कातळ ओतला जात होता साधारण त्याच सुमाराला जगातले शेवटचे अमोनाइट संपले. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळलेला लघुग्रह हे त्याचं मुख्य कारण मानतात. दख्खनच्या ज्वालामुखींचा वाटा किती, यावर भांडण अजून चालू आहे.

तरीही दर पावसाळ्यानंतर कुणीतरी 'जीवाश्म' घेऊन येतोच. त्यातले बहुतेक म्हणजे बेसॉल्टचे गोल धोंडे, ज्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले असतात. हा ऊनपावसानं झालेला झिजेचा प्रकार आहे. काही दगडांवर नेच्यासारखी काळी नक्षी असते. ती मँगनीजची, वनस्पतीची नाही. पट्ट्यापट्ट्यांचा अकीकही येतो. या तिन्हींत वेटोळं नसतं. एकाभोवती एक वर्तुळं असणं वेगळं, आणि एकच रेषा फिरत फिरत बाहेर येणं वेगळं. बोटानं रेषा धरून फिरवून बघा, लगेच कळतं.

आता कच्छचा दगड. हा अमोनाइट आहे, याबद्दल शंका नाही. दुसऱ्या फोटोत डावीकडं कवच सोललं गेलंय आणि तिथं दातेरी, फाट्याला फाटे फुटलेल्या बारीक रेषा दिसतात. तीच खूण. अमोनाइटचा प्राणी कवचाच्या शेवटच्या, सर्वांत मोठ्या खोलीत राहायचा. वाढत गेला की पुढं सरकायचा आणि मागं एक पडदा घालून जुनी जागा बंद करायचा. या बंद खोल्यांतून एक नळी जायची. तिच्यातून पाणी ओढून घेतलं की खोलीत वायू भरायचा आणि एवढं कवच घेऊन प्राणी पाण्यात तरंगू शकायचा. प्रत्येक पडद्याची कड कवचाला आतून जिथं चिकटते ती रेषा म्हणजे शिवण. नवख्यांना ती कवचावरची नक्षी वाटते. प्रत्यक्षात कवच शाबूत असेल तर ती दिसतच नाही. कवच गेलं, आत भरलेल्या गाळाचा साचा उघडा पडला, की दिसते.

गोगलगायीच्या शंखात असे पडदे नसतात आणि तिचं वेटोळं सहसा एका बाजूला उंच होत जातं. नॉटिलसमध्ये पडदे असतात, पण त्यांची शिवण साधी, हलक्या बाकाची. आणि नळी पडद्याच्या मधोमध कुठंतरी. अमोनाइटमध्ये नळी अगदी बाहेरच्या कडेला, म्हणजे ज्याला पोट म्हणतात त्या रेषेला चिकटून असते. शिवण इतकी गुंतागुंतीची का, यावर मतं अनेक आहेत: दाबाला कवच टिकावं म्हणून, स्नायूंना पकड मिळावी म्हणून, खोल्यांतलं पाणी सांभाळावं म्हणून. मला पहिलं एकट्यानं पुरेसं वाटत नाही, पण तो विषय लांबचा.

जातीच्या बाबतीत मात्र मी हात आखडता घेणार आहे. तुमचा नमुना फुगीर आहे. बेंबी, म्हणजे वेटोळ्याच्या मधला खळगा, अरुंद आहे; बाहेरच्या वेढ्यानं आतले वेढे जवळजवळ झाकलेत. बरगड्या, म्हणजे कवचावरचे उंचवट्याचे पट्टे, बेंबीच्या कडेपासून निघतात, वाटेत दुभंगतात आणि पोटावरून न तुटता पलीकडं जातात. पोटावर कणा नाही, गाठी नाहीत. कच्छच्या अमोनाइटांची यादी हाती असलेला कुणीही हे वर्णन ऐकून म्हणेल, मॅक्रोसेफॅलाइटिस. ज्युरासिकमधल्या कॅलोव्हियन कालखंडाच्या सुरुवातीचा, साधारण १६.५ कोटी वर्षांपूर्वीचा. कच्छमध्ये तो भरपूर मिळतो.

पण कच्छमध्येच मायाइटिस नावाचा दुसरा एक प्रकार आहे. तोही फुगीर, तोही अरुंद बेंबीचा, त्याच्याही बरगड्या दुभंगून पोट ओलांडतात. तो मिळतो ऑक्सफर्डियन काळातल्या धोसा ओओलाइट या थरात, म्हणजे मॅक्रोसेफॅलाइटिसनंतर काही दशलक्ष वर्षांनी. ओओलाइट म्हणजे खसखशीएवढ्या गोल दाण्यांचा चुनखडक. तुमच्या दगडाला बेंबीत चिकटलेल्या मूळ खडकाच्या सालीत असे तांबूस-तपकिरी, लोहयुक्त दाणे दिसतात. तेवढ्यावरून धोसा म्हणावं, तर खालच्या कॅलोव्हियन थरांतही सोनेरी-तपकिरी दाण्यांचा ओओलाइट आहेच. कवच सारखं, साल सारखी. चांगला जपलेला नमुना असेल तर आतल्या वेढ्यांवरून, बरगड्यांच्या ठेवणीवरून आणि शिवणीवरून तज्ज्ञ दोघांना वेगळं काढतात. झिजलेल्या नमुन्यात ते जिकिरीचं होतं. आणि दगड कुठल्या थरातून उचलला हे माहीत असेल तर हाच प्रश्न मिनिटभराचा असतो.

म्हणून माझा पहिला सल्ला पुस्तकाचा नाही, मामांना फोन करण्याचा आहे. नुसतं "भुजजवळ" चालणार नाही. कुठल्या गावाच्या शिवारात? डोंगराच्या माथ्यावर, उतारावर की ओढ्यात? दगड मोकळा पडला होता की खडकात रुतलेला? तिथला खडक कुठल्या रंगाचा होता? पवनचक्कीच्या पायाच्या खुदाईतून वर आला असेल तर कुठल्या टॉवरच्या? कामाच्या दिवसांतले मोबाइलमधले फोटो मामांकडं असतील, त्यांत जागेची नोंद बहुधा आपोआप झालेली असते. ती मिळाली तर अर्धं काम झालं समजा. मामा आठवणीनं सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, आजची तारीख घालून लिहून ठेवा. आठवण आणि नोंद यांतला फरक पुढच्या माणसाला कळला पाहिजे.

जागेवरून काय कळतं ते समजायला कच्छची ठेवण माहीत हवी. भुजच्या उत्तरेला आणि पश्चिमेला घुमटासारख्या उचललेल्या टेकड्यांची रांग आहे: हबो, झुरिओ, कीरा, जुमारा, जारा. माथे झिजून गेलेत. त्यामुळं घुमटाच्या मध्यावर सर्वांत जुना खडक उघडा पडतो आणि बाहेरच्या दिशेनं चालत गेलात की एकेक नवा थर पायाखाली येतो. जुमाऱ्याला मध्यापासून कडेपर्यंतच्या एका सकाळच्या चालीत तुम्ही बाथोनियनमधून कॅलोव्हियन पार करून ऑक्सफर्डियनमध्ये पोचता. माझ्या मते अमोनाइट शिकण्यासाठी भारतात याहून चांगली शाळा नाही. हिमाचलातल्या स्पितीचे शेल (पापुद्र्यांचे चिखलाचे खडक) सुंदर आहेत, पण तिथं हिमालयानं थरांची जी मोडतोड केलीय ती नवख्याला घाबरवते. जैसलमेरही चांगलं, पण तिथं उघडा खडक विखुरलेला आहे.

उतारावर सुट्या पडलेल्या दगडाबद्दल एक साधी गोष्ट ध्यानात ठेवा. तो वरून आलेला असतो. म्हणजे तो जिथं सापडला त्या थराचा किंवा त्याच्या वरच्या, नव्या थराचा असू शकतो; खालच्या थराचा नाही. ओढ्यातल्या दगडाला हाही नियम लागू नाही, तो कुठूनही आलेला असेल. आणि धोसा ओओलाइटच्या अगदी वरच्या भागात आणखी एक गुंता आहे. तिथं समुद्रतळावर फार काळ फारच थोडा गाळ साठला, साठलेला पुन्हा उकरला गेला, त्यामुळं वेगवेगळ्या वयाचे अमोनाइट वीतभर खडकात एकत्र सापडतात. तिथं खडकात रुतलेला नमुनासुद्धा डोळे झाकून खरा मानायचा नाही.

थरावर एवढा भर का, हे अमोनाइटांच्या अभ्यासाच्या इतिहासातच आहे. आल्बर्ट ओपेल या जर्मन भूशास्त्रज्ञानं १८५६ ते १८५८ या काळात युरोपातले ज्युरासिक खडक खडकाच्या रंगावरून वा जातीवरून न लावता त्यातल्या जीवाश्मांवरून लावले. अमुक अमोनाइट सापडतो तो अमुक पट्टा, मग खडक चुनखडी असो की चिकणमाती. अमोनाइट या कामाला अगदी सोयीचे होते: जाती झपाट्यानं बदलत, आणि एकेक जात समुद्रातून लांबवर पसरे. आज वायव्य युरोपात ज्युरासिकचे ५.६ कोटी वर्षांचे सत्तरहून अधिक पट्टे पाडलेत, म्हणजे सरासरी एकेक पट्टा दहा लाख वर्षांच्या आतला. दगडाच्या किरणोत्सारी मापनाला इतक्या बारीक भेदात अमोनाइटची बरोबरी करणं कठीण जातं. ज्युरासिकचा प्रारंभबिंदूसुद्धा अमोनाइटनंच ठरतो: ऑस्ट्रियात कुह्योख इथं सिलोसेरास वंशातला अमोनाइट खडकात पहिल्यांदा दिसतो ती पातळी.

कच्छचे अमोनाइट जगापुढं आले ते कॅप्टन ग्रँट यांच्या कच्छच्या भूशास्त्रीय नकाशासोबत. त्यांनी गोळा केलेल्या जीवाश्मांची वर्णनं सॉवर्बी यांनी केली आणि ती १८४० साली छापली गेली. मायाइटिसची मूळ जात त्यांतलीच. नंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'पॅलेऑन्टोलॉजिया इंडिका' या मालेत विल्हेल्म वागेन यांचा ग्रंथ १८७३ ते १८७५ मध्ये आला आणि त्याची फेरतपासणी करणारा एल. एफ. स्पाथ यांचा भलामोठा ग्रंथ १९२७ ते १९३३ मध्ये. दोन्ही आज स्कॅन स्वरूपात फुकट वाचायला मिळतात. चित्रं अप्रतिम आहेत. पण स्पाथ वाचताना सगळं जसंच्या तसं मानू नका. बरगड्या थोड्या दाट झाल्या की नवी जात, फुगवटा थोडा कमी झाला की नवी जात, असा तो काळ होता. शेकड्यानं नावं पडली. आणि संग्रहालयातल्या बऱ्याच नमुन्यांना थराचा नेमका पत्ता नव्हता, त्यामुळं ती नावं तपासायला पुढच्या अभ्यासकांना पुन्हा घुमटांवर जाऊन थराथरानं गोळा करावं लागलं. एस. के. बिस्वास यांनी खडकांचीच नव्यानं मांडणी केली. म्हणून जुन्या ग्रंथांत थरांना पच्छम, चारी, कात्रोल, उमिया ही नावं दिसतील आणि नव्या लेखांत झुरिओ, जुमारा, झुरान, भुज. दोन्ही शिकावी लागतात, सुटका नाही.

नावं कमी होण्याचं दुसरं कारण जास्त रंजक आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडमध्ये माकोव्स्की आणि इंग्लंडमध्ये कॅलोमन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की अनेक अमोनाइट जोडीनं सापडतात: एक मोठा, एक लहान, आतले वेढे हुबेहूब सारखे, फरक पडतो तो वयात आल्यावर. मोठ्याचं तोंड साधं, लहानाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना बहुधा कानासारखे लांब पाळे. मोठी मादी, लहान नर, असा सर्वसाधारण तर्क आहे. तोवर या दोघांना दोन जाती, कधी कधी दोन वंश मानलं जाई. मॅक्रोसेफॅलाइटिसच्या भोवतीही अशी जुनी नावं आहेत जी आज त्याच्यातच जमा होतात.

यासाठी नमुना प्रौढ आहे का हे आधी ओळखावं लागतं, आणि ते तुम्ही आज संध्याकाळी घरी करू शकता. शिवणी मोजत तोंडाकडं या. शेवटच्या दोन-चार शिवणी अचानक दाटीवाटीनं आल्या असतील, तर वाढ मंदावली होती, म्हणजे प्राणी प्रौढ. त्यांच्या पुढं शिवणी नसलेला भाग असेल तर ती राहायची खोली. तुमच्या फोटोत मला शिवण अगदी तुटलेल्या टोकापर्यंत दिसते. तसं असेल तर राहायची खोली पूर्ण गेलीय आणि जिवंतपणी हा प्राणी ९२ मिलिमीटरपेक्षा बराच मोठा होता. भिंगानं नीट बघून सांगा.

भिंग म्हणाल तर गुजरीत सराफ वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं घ्या, त्याहून जास्त शक्तीचं लागत नाही. मोजायला व्हर्निअर कॅलिपर उद्यमनगरात मिळेल. चार मापं घ्यायची: एकूण व्यास, बेंबीची रुंदी, शेवटच्या वेढ्याची उंची आणि त्याची जाडी. बरगड्यांच्या मधल्या खोलगटीत टेकवून, उंचवट्यावर नाही, आणि दर वेळी तसंच. फोटोतल्या पट्टीवरून तुमची बेंबी १४ मिलिमीटरच्या आसपास दिसते. १४ भागिले ९२, म्हणजे ०.१५. पेरिस्फिंक्टिससारख्या उघड्या वेटोळ्याच्या अमोनाइटमध्ये हाच आकडा ०.४ किंवा त्याहून जास्त येतो. आकडा एका व्यासाला घेऊन थांबू नका. जमेल तितक्या आतल्या वेढ्यांवरही घ्या, कारण वाढीबरोबर तो बदलतो आणि त्या बदलातच बरंच काही असतं.

स्वच्छता करताना पाणी, जुना टूथब्रश आणि सुई. बस. देवाची भांडी उजळतो तशी चिंच किंवा लिंबू लावू नका, व्हिनेगरही नको. चुन्याचा जीवाश्म आम्लात विरघळतो. तेल, वॉर्निश, झटपट चिकटणारा गोंद, तिन्ही वर्ज्य.

फोटोसाठी एक जुनी युक्ती आहे, जगभर अजून वापरतात. तुमच्या नमुन्याचा रंग ठिकठिकाणी वेगळा आहे, त्यामुळं डोळा डागांकडं जातो, बरगड्यांकडं नाही. उपाय नवसागर. कल्हईवाले वापरत तोच. फुगा असलेल्या काचेच्या नळीत चिमूटभर नवसागर घालायचा, स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा आणि मागच्या टोकाला लावलेला रबरी फुगा हलकेच दाबायचा. पांढरा धूर निघतो. दगड त्याच्यासमोर फिरवत धरला की त्यावर पांढरीशुभ्र, पावडरीइतकी बारीक साय चढते आणि आतापर्यंत न दिसलेल्या बरगड्या, आवळल्यासारख्या खाचा, झिजलेल्या गाठी एकदम उठून येतात. साय पातळ हवी. जाड झाली तर बारीक तपशील बुजतात. मग दिवा वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवून फोटो काढायचा. ही दिशा रिवाजानं ठरलेली आहे, म्हणजे बघणाऱ्याला उंचवटा कुठला आणि खळगा कुठला यात गोंधळ होत नाही. काम झालं की नवसागर पाण्यानं पूर्ण धुऊन काढायचा. हे खिडकीशी किंवा अंगणात करायचं, धूर नाकात जाऊ द्यायचा नाही. आणि कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये याच्या वाटेला जाऊ नका. नवसागर हवेतलं पाणी ओढतो, साय चढता चढता ओली होऊन ठिपके पडतात. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत काम फक्कड होतं.

शिवण काढायची तर नमुना किंचित ओला करून बारीक टोकाच्या पेननं ती रेषा गिरवा, मग पारदर्शक कागदावर उतरवा. पोटाच्या मध्यरेषेपासून सुरुवात, बेंबीकडं शेवट. मध्यरेषेवर तोंडाच्या दिशेनं बाण काढायचा असतो. तो विसरला तर चित्र बघणाऱ्याला वरखाली कळत नाही. दुर्मीळ नमुना हाताळायची वेळ आली तर त्याचा रबरी साचा करून प्लॅस्टरची प्रत काढतात. या कामात आपल्या कुंभार गल्लीतल्या मूर्तिकारांना तुम्ही काय शिकवणार, त्यांच्याकडूनच शिका.

तुम्ही अमोनाइटच्या नातेवाइकांबद्दल विचारलं नाहीत, पण कच्छला गेलात तर बेलेम्नाइट भेटणारच. पेन्सिलीच्या जाडीचे, एका टोकाला निमुळते, घट्ट चुन्याचे कांडे. हे कवच प्राण्याच्या अंगाच्या आत असे, अमोनाइटसारखं बाहेर नाही. त्याची कल्पना यायला काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेन आणा. फेस कसला, ते माकुलाच्या जातभाईच्या पाठीतलं कवच. धारदार पात्यानं आडवं कापा आणि कापलेली कड भिंगाखाली धरा. एकावर एक पातळ पडदे, मधे नाजूक खांब. तो प्राणी याच पोकळ्यांतलं पाणी कमीजास्त करून खालीवर होतो, हे डेंटन आणि गिल्पिन-ब्राउन यांनी १९६१ साली प्रयोगानं दाखवलं. अमोनाइटच्या बंद खोल्यांचा विचार करायला हे दहावीस रुपयांचं साधन पुस्तकातल्या आकृतीपेक्षा सरस आहे.

बेलेम्नाइटचा कांडा आडवा फोडला की आत वाढीची वलयं दिसतात. हॅरोल्ड युरी आणि सहकाऱ्यांनी १९५१ साली स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या एका ज्युरासिक बेलेम्नाइटची वलयं एकेक करून खरवडली आणि त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून) पाण्याचं तापमान काढलं. त्या प्राण्यानं वयात आल्यावर तीन उन्हाळे आणि चार हिवाळे पाहिले होते आणि तो वसंतात मेला, इथपर्यंत हिशोब लागला. समुद्राचं प्राचीन तापमान मोजायची पद्धत तिथून रुळली. अमोनाइटवर हे सहसा जमत नाही. त्याचं कवच अॅरागोनाइट या चुन्याच्या खनिजाचं, ते लवकर बदलतं किंवा विरघळून जातं. बेलेम्नाइटचा कांडा कॅल्साइट या चुन्याच्याच दुसऱ्या खनिजाचा, टिकाऊ. संग्राहक त्याला किंमत देत नाहीत, ते चूक करतात.

आता शाळिग्राम. फोटोत भेगेतून दिसणाऱ्या चक्राला बरगड्या आहेत आणि त्या कडेला दगडाच्या आत शिरताना दिसतात, म्हणजे कोरीव नाही. नेपाळमध्ये मुक्तिनाथच्या परिसरातून काली गंडकी येते, तिच्या काठचे काळे शेल फुटून त्यातले गोळे नदीत पडतात, घासून गुळगुळीत होतात. हे शेल स्पितीच्या शेलचे सख्खे, ज्युरासिकच्या उत्तरार्धापासून त्यानंतरच्या क्रिटेशस काळाच्या आरंभापर्यंतचे. त्यात ब्लॅनफोर्डिसेरास, ऑलॅकोस्फिंक्टॉइडिस असे अमोनाइट मिळतात. वर ज्यांचं नाव आलं त्या ओपेलनीच श्लागिंटवाइट बंधूंनी हिमालयातून नेलेल्या अशा अमोनाइटांची वर्णनं १८६० च्या दशकात केली आहेत. तुमच्या शाळिग्रामाचा वंश मात्र एवढ्या भेगेवरून ठरणार नाही आणि ठरवण्यासाठी तो फोडायचा नाही. नदीनं वाहून आणलेल्या दगडाचा थर तसाही हरवलेला असतो, त्यामुळं फोडून विज्ञानाच्या पदरात फारसं काही पडत नाही, आणि आजींच्या पूजेत तो आहे. तुळशीच्या लग्नाला तो बाहेर येईल तेव्हा चारही बाजूंनी फोटो घ्या, व्यास आणि वजन लिहून ठेवा. सगळ्याच शाळिग्रामांत अमोनाइट असतो असंही नाही.

बाजारातल्या अमोनाइटांबद्दल दोन शब्द. अर्धे कापून चकचकीत केलेले जे जोड प्रदर्शनांत विकतात ते बहुतांशी मादागास्करचे, आणि त्यातले बरेचसे क्रिटेशसचे, ज्युरासिकचे नाहीत. आतल्या खोल्या बघायला एखादा घ्यायला हरकत नाही. बरगड्या यंत्रानं काढल्यासारख्या एकसारख्या असतील आणि शिवण कुठंच दिसत नसेल तर पैसे देऊ नका. मादागास्करचं नाव निघालंच आहे तर सांगतो: तिथल्या ज्युरासिक खडकांत कच्छशी जुळणारे अमोनाइट मिळतात, मायाइटिससकट. तेव्हा मादागास्कर भारताला लागून होतं आणि आफ्रिकेपासून दोघं सुटत असताना मधे जो समुद्र शिरला त्याच्या काठावर कच्छ होतं.

कच्छला जाल तेव्हा एकटे जाऊ नका, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा. सीमेकडच्या भागात परवाना लागतो. अभयारण्यातून आणि वनखात्याच्या जमिनीतून दगड उचलायचा नाही, खासगी रानात मालकाला विचारायचं. नमुना उचलण्याआधी जागेवर पट्टी ठेवून फोटो. मग वर्तमानपत्रात गुंडाळताना आतच चिठ्ठी: ठिकाण, अक्षांश-रेखांश, कुठल्या ओळखीच्या थरापासून किती वर, रुतलेला की सुटा, तारीख, नाव. पेन्सिलनं लिहा, शाई घामानं पसरते. गोणीभर बिनचिठ्ठीचे अमोनाइट आणण्यापेक्षा चिठ्ठीसह सहा आणा. गोण्या घेऊन परतणारे सहलीवाले मी पुष्कळ पाहिलेत. ते दगड पुढं बंगल्याच्या बागेत जातात.

शिक्षणाचं म्हणाल तर तुमच्या बी.एस्सी.ला भूशास्त्र आहे की नाही हे तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल तर प्राणिशास्त्रातूनही येता येतं, पण एम.एस्सी. भूशास्त्रात करायचा प्रयत्न करा. प्राण्यांचा अभ्यास नंतरही करता येतो, थर वाचणं उशिरा येत नाही. आपल्याला सर्वांत जवळची जागा पुण्याची आघारकर संशोधन संस्था, तिथं जीवाश्मांवर काम चालतं. कच्छवर काम करायचं तर बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि भुजचं कच्छ विद्यापीठ. अमोनाइटांवरच जायचं मनात असेल तर कोलकात्याचं जादवपूर विद्यापीठ. कच्छच्या अमोनाइटांवर तिथं पिढ्यान्‌पिढ्या काम झालंय, आणि वागेन यांचे मूळ नमुने भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडं त्याच शहरात आहेत. लखनौची बिरबल साहनी संस्था मुख्यतः प्राचीन वनस्पतींची, तरी तिच्याकडं दुर्लक्ष करू नका.

मामांशी बोलणं झालं की मला तीन गोष्टी पाठवा: जागा, बेंबीत चिकटलेल्या सालीचा भिंगातून काढलेला फोटो बाजूला मिलिमीटरची पट्टी ठेवून, आणि तुटलेल्या टोकाचा समोरून फोटो. ती साल तोवर खरवडू नका.